पिकअप डिझेल जास्त खातेय? आधी चाकं बघा

मासळी वाहणाऱ्या पिकअपचं अ‍ॅव्हरेज पडलं की लोक थेट इंजिनात डिझेल सोडणारे पंप-नोझल खोलायला निघतात. थांबा, तो खर्च मागाहून. आपल्या किनाऱ्यावर खारी हवा आणि क्रेटमधून गळणारं बर्फाचं पाणी यांनी हँडब्रेकची केबल, पुढच्या कॅलिपरच्या (ब्रेक दाबणाऱ्या पकडीच्या) पिना गंजतात. मग ब्रेक पूर्ण सुटतच नाही आणि इंजिन दिवसभर त्याच्याशी झुंजतं.

१. सपाट रस्त्यावर, ब्रेक कमीत कमी मारत ८-१० किलोमीटर चालवून थांबा.
२. प्रत्येक चाकाजवळ हात न्या, लावू नका. एकाच चाकातून धग येत असेल, तर चोर तिथेच आहे.
३. बाकी चाकांना दगड लावा, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक सोडलेला. ते चाक जॅकवर उचलून हातानं फिरवा. पुढचं जड फिरलं तर मेकॅनिककडून पिना साफ करून ब्रेकचंच ग्रीस भरा. मागचं असेल तर केबल बघा. गंजलेली केबल तेल सोडून चालवण्यापेक्षा नवीच टाका.

चाकं मोकळी निघाली तर टायरची हवा आणि जांभ्याच्या धुळीनं भरलेला एअर फिल्टर बघा.

घाट उतरल्या उतरल्या ही तपासणी करू नका, तेव्हा सगळीच चाकं तापलेली असतात.