जुन्या डब्यांसाठी क्रॉस-कंपायलर बांधताय? या चुका टाळा

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या खेड्यात माझ्या खोलीत तीन जुने डबे, म्हणजे संगणक आहेत: भंगारातून आणलेला ४८६ एसएक्स प्रोसेसरचा पीसी, एका छापखान्यातला पॉवरपीसी प्रोसेसरचा मॅक आणि सन कंपनीचा एक अल्ट्रा ५. ("भाऊ, तांबं काढून घ्या ना याच्यातलं, चालू कायले करता?" इति भंगारवाला.) त्यांच्यावरच जीसीसी (कोड प्रोसेसरच्या सूचनांत बदलणारा कंपायलर) बांधायला बसलो तर अख्खा नवतपा सरेल. म्हणून डेस्कटॉपवर क्रॉस-कंपायलर, म्हणजे एका संगणकावर चालून दुसऱ्या प्रकारच्या संगणकासाठी प्रोग्राम बनवणारा कंपायलर.

सगळ्यात जास्त छळलं ४८६नं. प्रोग्रामला "-मार्च=आय४८६" (४८६ला चालेल असाच कोड बनव) हा पर्याय दिला, कंपाईल बिनतक्रार झालं आणि डब्यावर "इल्लीगल इन्स्ट्रक्शन", म्हणजे प्रोसेसरला न कळणारी सूचना. दोन दिवस मी माझाच कोड तपासत बसलो. खरं तर कंपायलरचं टार्गेट (कोणत्या प्रोसेसरसाठी बांधायचं ते) आय६८६, म्हणजे पेंटियम प्रोचं ठेवलं होतं, त्यामुळे लिबजीसीसी (जीसीसीची मदतनीस लायब्ररी) आणि सी लायब्ररी दोन्ही त्याच्याच बनल्या होत्या. त्यांत सीमूव्ह ही सूचना होती, जी १९९५च्या पेंटियम प्रोपासून आली. प्रोग्रामला दिलेला पर्याय आधीच बनलेल्या लायब्ररीला लागत नाही. जीसीसी कॉन्फिगर करतानाच "--विथ-आर्च=आय४८६" द्या, लायब्ररी पुन्हा बांधा, मग ऑब्जडंपनं (बनलेल्या फाइलमधल्या सूचना दाखवणारं साधन) सीमूव्ह शोधा. एसएक्समध्ये एफपीयूही (दशांश आकडेमोड करणारा भाग) नसतो. लिनक्स कर्नलमध्ये मॅथ इम्युलेशन लागतंच.

क्रम चुकवू नका: बिनयुटिल्स (असेंबलर, लिंकर वगैरे साधनं), फक्त सीपुरता जीसीसी, सी लायब्ररी, शेवटी पूर्ण जीसीसी. बिनयुटिल्स आणि जीसीसीचं टार्गेट व प्रिफिक्स (इन्स्टॉल करायचं फोल्डर) एकच हवं. नाहीतर पॉवरपीसीचा कोड डेस्कटॉपच्या असेंबलरकडे जातो आणि "नो सच इन्स्ट्रक्शन"चा पाऊस पडतो. बांधकाम सोर्सच्या फोल्डरात नको, वेगळ्या रिकाम्या फोल्डरात करा.

जुन्या आवृत्तीचा जीसीसी बांधताना "मल्टिपल डेफिनिशन" आलं तर "-एफकॉमन" (एकच व्हेरिएबल अनेक फाइलींत असलं तरी चालवून घे) हा पर्याय द्या. २०२०च्या जीसीसी १०पासून तो डिफॉल्ट राहिला नाही. ४ जीबी रॅमवर "मेक -जे८" (मेक म्हणजे बांधकाम चालवणारा प्रोग्राम, जे८ म्हणजे एकावेळी आठ कामं) म्हणजे आत्महत्या. "किल्ड" दिसलं (रॅम संपली) की "-जे२" करा.

आता लाईनचं. बांधकाम चालू असताना लाईन गेली, आली, मी पुन्हा मेक दिलं आणि तासाभरानं लिंकर (कंपाईल झालेले तुकडे जोडणारा) म्हणाला, फाइल ओळखता येत नाही. झालं असं की ऑब्जेक्ट फाइलचं, म्हणजे अशा एका तुकड्याचं, नाव डिस्कवर नोंदलं गेलं, मजकूर पोहोचायच्या आत अंधार. मेक फक्त वेळ बघतो. फाइल नवी दिसली की पुढे सरकतो. आता लाईन आल्यावर मी आधी फाइंड कमांडनं शून्य बाइटच्या सगळ्या ऑब्जेक्ट फाइल्स उडवतो, मगच मेक. इन्व्हर्टर आहे घरी, पण त्यावर कूलर चालतो, आणि मे महिन्यात तो काढू द्यायला आई तयार नाही.