मोहाच्या खरेदीला आवर कसा घालावा

पगार होऊन पंधरवडा उलटत नाही तोच खात्यातले पैसे कुठे गेले, हा प्रश्न पडतो. भाडे, हप्ते, बिले तोंडपाठ असतात. हिशेब लागत नाही तो समोर दिसली म्हणून घेतलेल्या वस्तूंचा. मग माणूस स्वतःला बोल लावतो आणि उद्यापासून मन घट्ट करायचे ठरवतो. माझ्या मते मनाच्या भरवशावर राहूच नये. हवेसे वाटणे आणि पैसे देणे यांच्यामध्ये अंतर पाडावे. त्यासाठी रोज मनाशी झगडावे लागत नाही, एकदा नीट घडी बसवून दिली की पुरते.

१. मागच्या महिन्याचे स्टेटमेंट उघडा

न ठरवता झालेल्या प्रत्येक खरेदीवर खूण करा आणि शेजारी वेळ व मनःस्थिती लिहा. ‘रात्री साडेअकरा, झोप येत नव्हती, मोबाइल चाळत होतो.’ ‘ऑफिसात बोलणी खाल्ली, घरी येताना घेतले.’ अशा पाच-सहा नोंदी एकाखाली एक आल्या, की वस्तू निरनिराळ्या असल्या तरी निमित्त तेच ते असल्याचे दिसते. बेरीज नंतर करा. आधी हे निमित्त ओळखा.

२. पैसे देणे अवघड करा

सगळ्यांत जास्त गुण येतो तो या पायरीने, म्हणून तिला वेळ द्या. विकणाऱ्यांना नेमके उलटे हवे असते: एका क्लिकमध्ये खरेदी करण्याच्या पद्धतीचे पेटंट अ‍ॅमेझॉनने १९९९ मध्येच मिळवले होते. पैसे देताना जी कळ लागते, ती कार्डामुळे बोथट होते. प्रेलेक आणि सिमेस्टर या संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांवर बोली लावायला सांगितली होती. कार्डाने पैसे देणाऱ्यांची सरासरी बोली रोख देणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त निघाली.

म्हणून खरेदीच्या अ‍ॅपमध्ये साठवलेले कार्ड काढून टाका. प्रत्येक वेळी आकडे हाताने भरावे लागू द्या. सेलच्या नोटिफिकेशन आणि ईमेल बंद करा. रात्रीच खरेदी होत असेल, तर ते अ‍ॅपच काढून टाका. बारीकसारीक खर्चासाठी आठवड्याची रक्कम रोख काढून ठेवा. पाकीट हलके होताना दिसते आणि हात आपोआप आखडतो.

३. ‘थांबा’ यादी ठेवा

काही हवेसे वाटले की वहीत तारीख, किंमत आणि ‘हे कशासाठी?’ एवढे लिहा. लहान वस्तूला एक दिवस, मोठीला महिनाभर थांबा. मुदत संपल्यावरही हवी असेल आणि पैसे असतील, तर खुशाल घ्या. ‘मूळ किंमत’ खोडून दाखवलेल्या सवलतीकडे मात्र पाहू नका. खोडलेला आकडा मनात ठाण मांडतो आणि उरलेली किंमत स्वस्त भासवतो. ती वस्तू पहिल्यापासून याच किमतीला असती तर घेतली असती का, एवढेच विचारा.

४. बचत आधी, खर्च नंतर

पगाराच्याच दिवशी ठरलेली रक्कम दुसऱ्या खात्यात आपोआप वळती होईल, अशी सूचना बँकेला द्या. एकदम मोठा आकडा धरू नका. थेलर आणि बेनार्टझी या अर्थतज्ज्ञांच्या योजनेत कर्मचाऱ्यांनी पुढच्या प्रत्येक पगारवाढीतला काही भाग बचतीत टाकायचे आधीच कबूल केले. ४० महिन्यांत त्यांची बचत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. हातात येणारा पगार कमी झाला नाही, त्यामुळे ती जाचली नाही.

क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल, तर आधी ती फेडा. महिना ३ टक्के व्याज किरकोळ वाटते, पण चक्रवाढीने वर्षाला ते ४२ टक्क्यांच्या वर जाते.

५. मौजेचा वाटा ठेवा

कुणालाही हिशेब न देता खर्चायची छोटी रक्कम दरमहा बाजूला काढा. सगळेच बंद केले, की एखाद्या दिवशी बांध फुटतो.

६. चुकलात तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करा

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या २०१० च्या अभ्यासात सवय लागायला माणसागणिक १८ ते २५४ दिवस लागतील असे आढळले, आणि एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही.

मात्र खरेदी घरच्यांपासून लपवावी लागत असेल, कर्ज वाढूनही हात थांबत नसेल, तर प्रश्न सवयीपलीकडचा आहे. तेव्हा संकोच न करता समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. यावर उपचार होतात.