जुनी बीएमडब्ल्यू ३२०डी: घेताना काय तपासायचं, घेतल्यावर काय करायचं

३२०डी म्हणजे बीएमडब्ल्यूच्या थ्री सीरिजमधली डिझेल गाडी. नव्या साध्या सेडानच्या किमतीत जुनी थ्री सीरिज मिळते, हे खरं. पण तिचे सुटे भाग थ्री सीरिजच्याच भावाने मिळतात. म्हणून गाडीच्या किमतीच्या पंधरा-वीस टक्के रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला धरा. ती धरून बजेट बसत नसेल तर ही गाडी तुमच्यासाठी महागच आहे.

भारतात थ्री सीरिजची एफ३० नावाची पिढी २०१२ मध्ये आली. २०१६ च्या सुरुवातीला तिचं फेसलिफ्ट आलं आणि इंजिनही बदललं. आधीचं एन४७, १८४ हॉर्सपॉवरचं. नंतरचं बी४७, १९० हॉर्सपॉवरचं. जमत असेल तर बी४७ च घ्या. कारण एन४७ मध्ये टायमिंग चेनचा त्रास जास्त. ही चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. चेनला जागेवर धरणारे गाइड झिजले की ती सैल होते, आणि तुटली तर पिस्टन-व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळून इंजिन बाद. चेनपर्यंत पोचायला इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो, त्यामुळे खरा खर्च मजुरीचा.

एन४७ च घ्यायची असेल तर सकाळी जा आणि विक्रेत्याला आधीच सांगा, गाडी सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर बोनेटला हात लावा. कोमट लागलं तर सरळ दुसऱ्या दिवशी या. एकाने गाडी सुरू करावी, दुसऱ्याने बोनेट उघडून पुढच्या काचेकडच्या बाजूला कान द्यावा. डिझेलची टकटक वेगळी. चेनचा आवाज खरखरीत, घासल्यासारखा असतो आणि १५०० ते २००० आरपीएमला स्पष्ट ऐकू येतो. ‘डिझेल आहे, आवाज करणारच’ असं उत्तर मिळालं तर निघा.

दोन्ही इंजिनांत पुढचा प्रश्न ईजीआर कूलरचा, म्हणजे इंजिनात परत पाठवला जाणारा धूर थंड करणाऱ्या भागाचा. त्याला आतून गळती लागली की कूलंट काजळीत मिसळतं, आणि क्वचित आगही लागू शकते. याच दोषासाठी २०१८ मध्ये कंपनीने जगभरातल्या सुमारे १६ लाख डिझेल गाड्या परत बोलावल्या होत्या. चेसिस नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा, काही रिकॉल बाकी आहे का. बाहेर कुठेही थेंब न पडता कूलंट कमी होत असेल तर संशय आधी इथेच घ्यायचा.

गिअरबॉक्स झेडएफचा आठ गिअरचा, आणि चांगला. सिग्नलला हळू थांबताना झटका बसतो का, एवढं बघा. ‘याचं ऑइल आयुष्यभर चालतं’ या बोलण्यावर जाऊ नका. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफच ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान ऑइल बदलायला सांगते. फिल्टर प्लास्टिकच्या पॅनमध्येच असतो, त्यामुळे पूर्ण पॅन बदलावा लागतो. लेव्हल बघताना इंजिन चालू आणि ऑइल ३० ते ५० अंशांवर हवं. हे तापमान गाडीच्या कॉम्प्युटरला जोडलेल्या स्कॅनरवर दिसतं; तो न लावता ऑइल भरणाऱ्या मिस्त्रीकडे हे काम देऊ नका.

टेस्ट ड्राइव्हमध्ये ८०-१०० च्या वेगात ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरलं तर फक्त डिस्कला दोष देऊ नका. पुढच्या सस्पेन्शनच्या आर्मचे रबरी बुश द्रव भरलेले असतात. ते फाटले की द्रव गळून भोवती तेलकट डाग पडतो. गाडी लिफ्टवर चढवली की लगेच दिसतो.

मुंबई-ठाण्याकडची गाडी असेल तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. आत गुंडाळलेल्या भागावर गाळाचा डाग दिसला किंवा डिकीच्या तळाच्या खाचेत माती निघाली तर पाण्यात गेलेली गाडी समजा. मीटर मागे फिरवलं असेल तर अधिकृत सर्व्हिसच्या नोंदींवरून ते उघडं पडतं.

दिल्ली परिसरातल्या दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवरील निर्बंधांमुळे तिकडच्या ३२०डी आपल्याकडे स्वस्तात येत आल्या आहेत. हिशेब करताना आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८ आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स धरा, मग ती स्वस्ताई किती उरते ते कळेल. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. कर्ज असेल तर बँकेच्या एनओसीसोबत फॉर्म ३५. अशा गाड्या पुष्कळदा कंपनीच्या नावावर असतात. तेव्हा सही करणाऱ्याला तसा अधिकार दिल्याचं पत्र लेटरहेडवर घ्या. विमा १४ दिवसांत नावावर करायला अर्ज करा. नो क्लेम बोनस जुन्या मालकाकडेच राहतो, त्यामुळे हप्ता वाढणार.

गाडी घरी आली की आधी सगळे फिल्टर, इंजिन ऑइल आणि ब्रेक फ्लुइड बदला, मागच्या मालकाने कालच बदललंय म्हणाला तरी. डॅशबोर्ड पुढच्या सर्व्हिसला वीस-पंचवीस हजार किलोमीटर दाखवेल. आपल्या धुळीत आणि ट्रॅफिकमध्ये दर दहा हजारांना किंवा वर्षाला ऑइल बदला. एन४७ ला ५.२ लिटर लागतं, बीएमडब्ल्यूच्या एलएल-०४ मान्यतेचं, ५डब्ल्यू-३० ग्रेडचं. ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी. रोज चार किलोमीटर ऑफिस आणि परत, एवढाच वापर असेल तर ईजीआरमध्ये काजळी साचणारच. आठवड्यातून एकदा अर्धा तास हायवेवर चालवा. वापर कायम एवढाच राहणार असेल तर मुळात डिझेल घेऊ नका.

बॅटरी डिकीत असते. ती एजीएम प्रकारची असेल (लेबलवर लिहिलेलं असतं) तर तिच्या जागी साधी लावू नका, आणि नवी बसवल्यावर स्कॅनरने तिची नोंदणी करून घ्या. नाहीतर गाडी जुन्या बॅटरीच्या हिशेबानेच चार्जिंग करत राहते आणि नवी बॅटरी लवकर मरते.