पद्मिनीला पुढे डिस्क ब्रेक बसवताना

सप्टेंबरात कासहून उतरताना यवतेश्वर घाटात माझ्या प्रीमियर पद्मिनी गाडीचं ब्रेकचं पेडल प्रत्येक वळणाला थोडं थोडं खाली जाऊ लागलं. ऑइल कुठंही गळत नव्हतं. या गाडीला ड्रम ब्रेक, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या ड्रमला आतून लायनर लावलेले शूज दाबतात. ड्रम तापला की फुगतो, लायनरपासून लांब जातो, आणि तापलेल्या लायनरची पकडही सुटते. मागे बायको आणि दोन्ही मुली होत्या. दुसऱ्या गिअरवर गाडी कशीबशी समर्थ मंदिरापर्यंत आणली आणि तिथंच ठरवलं, पुढच्या चाकांना डिस्क बसवायच्या, म्हणजे चाकासोबत फिरणारी चकती आणि तिला दोन्ही बाजूंनी पॅडनी पकडणारा कॅलिपर. गाडी ८४ची आहे, वडिलांनी घेतलेली, ती विकायची नव्हती.

माझं लेथचं वर्कशॉप आहे, त्यामुळे डिस्क, हब (चाक ज्यावर बसतं तो भाग), ब्रॅकेट हे काम जमेल याची खात्री होती. खरा वेळ गेला तो मास्टर सिलिंडरमध्ये, म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलला दाब देणाऱ्या भागात. तुम्ही हे काम करणार असाल, तर सामान घ्यायच्या आधी त्याचा विचार करा.

त्याच्याही आधी आरटीओ. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. तुमचा बदल त्यात बसतो का ते विचारून घ्या, आणि विमावाल्यांनाही कळवा.

गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालू नका, पक्क्या स्टँडवर घ्या. ड्रम काढल्यावर आतली काळी धूळ हवेच्या पाइपनं उडवायची नाही. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ते फुप्फुसात जाणं घातक. ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

मी एका छोट्या हॅचबॅकची डिस्क आणि कॅलिपर घेतले. डिस्कचं मधलं भोक हबवर सैल राहता कामा नये. सैल असेल तर लेथवर रिंग करून घ्या. नुसत्या नटांच्या भरवशावर डिस्क मध्यात बसवू नका. बसवल्यावर डायल गेज लावून फिरवून बघा. ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त डगमग दिसली तर पेडल पायाखाली थरथरणार.

कॅलिपरचं ब्रॅकेट मी १२ मिलिमीटरच्या प्लेटमधून कापलं आणि बॅकप्लेटच्याच (ड्रममागच्या पत्र्याच्या) बोल्टांच्या जागी बसवलं. बोल्ट १०.९ ग्रेडचे घ्या. स्टब अ‍ॅक्सलवर (हब ज्यावर फिरतो त्या दांड्यावर) वेल्डिंग मुळीच नको, उष्णतेनं त्या लोखंडाची ताकद जाते. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापून बघा. डिस्क दोन्ही पॅडच्या बरोबर मध्ये यायला हवी, आणि पॅडची कड डिस्कच्या बाहेर डोकावता कामा नये. रिमला कॅलिपर घासेल का हे बघायला मी धाकटीची खेळायची माती कॅलिपरवर थापली, चाक लावून फिरवलं आणि दबलेल्या मातीची जाडी मोजली. तीन मिलिमीटर तरी फट ठेवा. नंतर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून होज कुठं ताणतो का, टायरला लागतो का, तेही बघा.

आता मास्टर सिलिंडर. पहिल्यांदा मी जुनाच ठेवला. कोरेगावला जाऊन आलो तर पुढची दोन्ही रिम हात लावता येईना इतकी तापलेली. ड्रमच्या मास्टरमध्ये एक छोटा व्हॉल्व्ह असतो. पेडल सोडल्यावरही तो लाइनमध्ये साधारण १० पीएसआय दाब धरून ठेवतो. ड्रमला ते चालतं, कारण आतली स्प्रिंग शूज मागे ओढते. डिस्कला तशी स्प्रिंगच नाही. कॅलिपरमधल्या पिस्टनचं सील पीळ सोडतं तेवढाच पॅड मागे येतो, आणि एवढ्याशा दाबानंही तो घासत राहतो. पुढच्या लाइनला हा व्हॉल्व्ह नको, मागच्या ड्रमना हवाच. म्हणून मी दोन सर्किटचा मास्टर घातला. एक लाइन फुटली तरी दुसऱ्या लाइनवर गाडी थांबते, आणि माझ्या लेखी हे डिस्कइतकंच मोलाचं आहे.

ड्रममध्ये फिरणारा ड्रमच शूला स्वतःकडे ओढून घेतो, डिस्कमध्ये ती मदत नाही. त्यामुळे जास्त दाब लागतो आणि इंजिनच्या व्हॅक्यूमवर पायाचा जोर वाढवणारा बूस्टर घालावा लागतो. त्याचा पाइप व्हॅक्यूमसाठीचाच घ्या, साधा पाइप आत चिपकतो. पण तोच वाढलेला दाब मागच्या ड्रमनाही जातो. मग मागची चाकं आधी जाम होतात आणि ओल्या रस्त्यावर गाडीची शेपूट फिरते. यासाठी मागच्या लाइनला दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लावायचा. मी तो मोकळ्या मैदानात, कमी वेगात, थोडा थोडा फिरवत लावला. जोरात ब्रेक मारल्यावर पुढची चाकं आधी जाम व्हायला हवीत.

ब्रेकच्या लाइनमधली हवा काढायला थोरली पेडलवर बसली. आपल्याकडे मास्टर उजवीकडे असतो, म्हणून क्रम डावं मागचं, उजवं मागचं, डावं पुढचं, उजवं पुढचं. मी 'दाब' म्हणायचं, चाकाजवळचा हवा सोडायचा निपल सैल करायचा, परत आवळायचा, मगच 'सोड'. "आप्पा, अजून मऊच लागतंय," ती सारखी सांगत होती. कॅलिपरचा निपल वरच्या बाजूला आहे ना ते बघा. डावा-उजवा कॅलिपर उलटा लागला तर निपल खाली येतो आणि वरची हवा कधीच निघत नाही. ऑइल सीलबंद डब्यातलंच वापरा, उघडा डबा हवेतलं पाणी ओढतो. रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्यानं धुवा.

नवीन पॅड बसायला मोकळ्या रस्त्यावर ५०च्या वेगावरून १५वर आणायचं, असं दहा वेळा, मध्ये थोडं चालवून गार होऊ द्यायचं. डिस्क गरम असताना पेडल दाबून उभं राहू नका. शंभर किलोमीटरनंतर ब्रॅकेटचे सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्यानं तपासा. माझा डावीकडचा एक बोल्ट पाव फेरा सैल झाला होता. तो आवळला आणि त्याच रविवारी सगळ्यांना घेऊन कासला गेलो.