निविदा शेवटाकडून वाचा: सरकारी काम घेण्याआधीची तयारीची यादी

सरकारी काम मिळालं की लोक पेढे घेऊन येतात. सात-आठ महिन्यांनी तीच माणसं पुन्हा येतात, तेव्हा हातात फाईल असते आणि तोंडी एकच वाक्य, ‘बिल निघत नाही हो.’ तालुक्याच्या गावात निविदांची आणि करांची कागदपत्रं करणं हा माझा धंदा. नव्या माणसाला मी आधी एक सवय लावतो: निविदा शेवटाकडून वाचायची. अंदाजपत्रकीय रकमेकडे नंतर बघा, आधी देयकाच्या अटी काढा. बिलासोबत जे जे जोडायला सांगितलंय ते तुमच्याकडून आज निघेल का, आणि नसेल तर उभं करायला किती दिवस लागतील, हे मोजा. खाली उदाहरणाला सरकारी दवाखान्यातलं बावीस माणसांचं साफसफाईचं काम धरलंय, कारण कायद्याचं जंजाळ तिथे सगळ्यात दाट आहे.

बिलामागे लागतं मस्टर म्हणजे हजेरीपट, पगार बँकेत गेल्याचा पुरावा, पीएफचं ईसीआर (कामगारवार भरण्याचं महिन्याचं विवरण) आणि चलन, ईएसआयसीचं (कामगारांच्या आरोग्य विम्याचं) चलन. पीएफ वीस माणसांपासून आणि ईएसआयसी दहापासून लागतं. दोन्हीचा भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत करायचा. पन्नास किंवा जास्त कंत्राटी कामगार असतील तर कंत्राटदाराचा परवानाही लागतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत, त्यामुळे निविदेत जुन्या कायद्यांची नावं दिसली तरी सल्लागाराला नव्या तरतुदी विचारा. आकड्यांपेक्षा नावांची जुळणी जास्त छळते. माझ्या एका पक्षकाराची दोन महिन्यांची बिलं एका बाईच्या नावावर अडली होती. आधारवर माहेरचं आडनाव, बँकेत सासरचं, आणि सुपरवायझरने मस्टरवर लिहिलेलं नुसतं ‘बेबीताई’. लेखा शाखेच्या हिशेबी त्या तीन वेगळ्या बायका होत्या. म्हणून माणूस कामावर घेण्याच्या दिवशीच आधार, बँक पासबुक आणि यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) समोरासमोर ठेवून नाव जुळवा. न जुळलं तर आधी दुरुस्ती, मग हजेरी.

आता दर. समजा किमान वेतन विशेष भत्त्यासह (महागाईप्रमाणे बदलणारा भाग) १४,००० रुपये आहे. त्यावर मालकाचा पीएफ प्रशासकीय खर्च आणि विमा धरून १३ टक्के म्हणजे १,८२०, ईएसआयसी ३.२५ टक्के म्हणजे ४५५, बोनस ८.३३ टक्के म्हणजे १,१६६. एका माणसामागे १७,४४१ झाले, आणि यात रजा, गणवेश, झाडू-फिनाईल काहीच नाही. बावीस माणसांचे महिन्याला ३,८३,७०२. कार्यालयाचं अनुदान आलं नाही म्हणून बिल तीन महिने थांबलं, तरी पगार थांबवता येत नाही. म्हणजे साडेअकरा लाख खिशात हवेत. कॅश क्रेडिट (बँकेची खेळत्या भांडवलाची उचल) मंजूर नसेल तर हे काम तुमचं नाही, असं मी तोंडावर सांगतो. महाराष्ट्रात विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैला बदलतो. कंत्राट दोन-तीन वर्षांचं आणि दर गोठलेला, असं असेल तर वाढीव फरक कोण देणार ते निविदा भरण्याआधीच्या प्री-बिड मीटिंगमध्ये लेखी विचारा. साहेबांचं तोंडी ‘देऊ की’ एल-१ (सगळ्यात कमी दराचा) लागल्यावर कुणाला आठवत नाही. उत्तर शुद्धिपत्रकात यायला हवं.

जीएसटीबद्दल पहिला प्रश्न हा की दर करासहित भरायचा की करावेगळा. स्थानिक संस्थांना दिलेल्या काही निव्वळ सेवांना सूट आहे, पण त्याच कामात साहित्य आलं की हिशेब बदलतो. अंदाजाने भरू नका. करार अडीच लाखांच्या वर असेल तर कार्यालय २ टक्के जीएसटी टीडीएस (बिलातूनच आधी वळता केलेला कर) कापतं. ते पोर्टलवर स्वीकारल्याशिवाय तुमच्या कॅश लेजरमध्ये (पोर्टलवरच्या तुमच्या जीएसटी खात्यात) येत नाही, आणि कार्यालयाने विवरणपत्रच भरलं नाही तर दिसतही नाही. आयकराची कपात वेगळी: एकट्या मालकाची फर्म असेल तर १ टक्का, भागीदारी किंवा कंपनी असेल तर २.

उद्यम प्रमाणपत्र (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांची केंद्राची नोंदणी) सगळ्यांकडे असतं. त्यावर काय लिहिलंय ते फार थोड्यांनी वाचलेलं असतं. वर्गवारी उत्पादन किंवा सेवा आहे की व्यापार, ते बघा. व्यापाऱ्यांना २०२१ मध्ये नोंदणी मिळाली ती बँकेच्या प्राधान्यक्रमाच्या कर्जापुरती. त्यावर केंद्राच्या निविदेत बयाणा रकमेची (निविदेसोबत भरायच्या अनामतीची) माफी मागितली तर दर उघडण्याआधीच, तांत्रिक लिफाफ्यातच बाद व्हाल. राज्याच्या निविदेत माफी आहे का, ते त्या निविदेत शोधा.

डिजिटल सही. इथे मी माझीच चूक कबूल करतो. एकेकाळी माझ्या टेबलावर बिस्किटांच्या डब्यात लोकांच्या सहीचे सतरा टोकन (पेनड्राइव्हसारखे) होते, प्रत्येकावर पांढरी पट्टी आणि पेनाने लिहिलेलं फर्मचं नाव. एकाच निविदेत तीन फर्मचे दर मी एकाच कॉम्प्युटरवरून चढवले आहेत, आणि त्यात काही गैर आहे हे ध्यानातही आलं नव्हतं. पोर्टलवर आयपी ॲड्रेस (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) नोंदला जातो. पुणे महापालिकेच्या घनकचरा प्रकल्पांच्या निविदांमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने २०१८ मध्ये संगनमताबद्दल दंड केला, त्यात एकाच आयपीवरून भरलेल्या निविदा हा पुराव्याचा भाग होता. ‘स्पर्धा दिसावी म्हणून मेव्हण्याच्या फर्मचा दर टाकतो’ ही आपल्याकडची सहज रीत कायद्याने संगनमत ठरते. डबा आता रिकामा आहे. टोकन तुमच्या कपाटात ठेवा, पिन स्वतः टाका, मुदत संपायची तारीख भिंतीवर लिहा.

शपथपत्रावर सही करण्याआधी ते वाचा. ऑक्टोबर २०२४ पासून १०० ऐवजी ५०० चा मुद्रांक लागतो, म्हणून लोक एकदाच करून त्याच्या झेरॉक्स वापरतात. तारीख जुनी, निविदा क्रमांक दुसराच. ‘कुठेही काळ्या यादीत नाही, अनुभवाचे दाखले खरे आहेत’ हे वाक्य तुमच्या गळ्यात पडतं. उसना अनुभव दाखला लावला तर बयाणा जप्त, गुन्हा दाखल, आणि केंद्राच्या वित्तीय नियमांतल्या १५१ व्या नियमाप्रमाणे दोन वर्षांपर्यंत बंदी. टक्केवारीचंही सांगतो, कारण ते कुणी लिहीत नाही: २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार आहे. बळजबरीने द्यावी लागली तर सात दिवसांत कळवावं लागतं. १०६४ हा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर.

बांधकामवाल्यांसाठी दोनच गोष्टी. मुरूम-खडीच्या रॉयल्टीच्या पावत्या गाडीगणिक जपा, नाहीतर ती रक्कम बिलातून कापली जाते. विमा राज्याच्या विमा संचालनालयाकडूनच हवा असं निविदेत असेल तर ओळखीच्या एजंटाची पॉलिसी चालत नाही.

काम सुरू झालं की आवक क्रमांकाचा नाद लावून घ्या. जागा ताब्यात मिळाली नाही, पाणी नाही, जादा काम सांगितलं: प्रत्येक वेळी पत्र, आणि आपल्या प्रतीवर आवक शाखेचा शिक्का. मुदतवाढीचा अर्ज मुदत संपण्याआधी द्या. व्हॉट्सॲपवरचा ‘ओके’ अंगठा ऑडिटवाला मानत नाही. याच शिक्क्यावर पुढे पैशांची तारीख ठरते. एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या) कायदा २००६ प्रमाणे माल किंवा सेवा दिल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर ती स्वीकारली असं धरतात, आणि पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. दाद फॅसिलिटेशन कौन्सिलकडे (अशा थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या राज्याच्या मंडळाकडे) मागायची. निर्णयाला आव्हान द्यायचं तर कार्यालयाला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. हे संरक्षण फक्त सूक्ष्म आणि लघु उद्योगांना आहे, आणि बांधकामाच्या वर्क्स कॉन्ट्रॅक्टला ते लागू नाही असं मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलंय. उद्यम नोंदणी कराराच्या आधीची ठेवा. नंतर घेतलेल्या नोंदणीवर वकील मंडळी अजून भांडताहेत.

शेवटचा कागद म्हणजे बँक गॅरंटीची (कामाच्या हमीपोटी बँकेने दिलेल्या पत्राची) परती. मुदत सगळ्या जबाबदाऱ्या संपल्यानंतर ६० दिवसांपर्यंतची मागतात, आणि मधे कामाला मुदतवाढ मिळाली की गॅरंटीही वाढवावी लागते. ती संपण्याच्या आठवड्यात कार्यालय बँकेला थेट पत्र टाकून पैसे वळते करून घेऊ शकतं. काम पूर्ण झाल्याचा दाखला हातात आला त्याच दिवशी परतीचा अर्ज टाका, आवक क्रमांक घ्या. माझ्या कपाटात लोकांनी मागायला विसरलेल्या गॅरंट्यांच्या प्रतींची एक वेगळी फाईल आहे. सगळ्यात जुनी २०११ ची.