बुलेटवर गाणी लावायची तर आधी वायर बघा

बेळगावहून चोर्ला घाटाकडं गाडी घेऊन जाणाऱ्यानं गाण्यांसाठी मोबाइलच्या भरवशावर राहू नये. जांबोटी सोडली की रेंज येते-जाते, ओल्या हातमोज्याला टचस्क्रीन दाद देत नाही, आणि हँडलवर घट्ट आवळलेल्या फोनचा कॅमेरा इंजिनाच्या थरथरीनं खराब होऊ शकतो. अ‍ॅपलनं २०२१ मध्ये मोटरसायकलवाल्यांसाठी तशी सूचनाच काढली होती. म्हणून फोन माझ्या खिशात असतो आणि हँडलवर बटणांचा साधा प्लेअर.

प्लेअर महागडा नको. त्यात फिरणारी हार्ड डिस्क तेवढी नसावी. जुन्या आयपॉड क्लासिकमध्ये ती असते आणि बुलेटवर तिचा निभाव लागणं कठीण. मेमरी कार्डवर चालणारा घ्या. कार्ड ३२ जीबीचं पुरे होतं. त्यापेक्षा मोठी कार्डं बहुधा एक्सफॅट फॉरमॅटमध्ये येतात आणि स्वस्तातले प्लेअर ती वाचत नाहीत. फॅट३२ केलेलं कार्ड वाचतात. गाणी निवडतानाही वाऱ्याचा विचार करा. सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व आमचेच, तेव्हा ते कार्डावर असणारच. खरं त्यांचा विलंबित ख्याल ऐंशीच्या वेगात अर्धा वाऱ्यात जातो. गाडीवर भजनंच बरी.

आता मुख्य काम. दिवसभर बेळगावच्या उद्यमबागेत मशिनांची वायरिंग बघणारा माणूस मी, त्यामुळे इथं जरा जास्त बोलणार. प्लेअरला ५ व्होल्ट लागतात, गाडीत १२ आहेत. मध्ये चांगल्यापैकी कन्व्हर्टर, म्हणजे वॉटरप्रूफ यूएसबी चार्जर, लागतो. तो थेट बॅटरीला जोडून मोकळं होणारे पुष्कळ. त्यानं होतं काय, की चार्जरला काही लावलेलं नसलं तरी तो थोडा करंट खात राहतो. समजा २० मिलिअँपिअर. दिवसाला जवळजवळ अर्धा अँपिअर-तास गेला. आठ अँपिअर-तासाची बॅटरी दोन-अडीच आठवड्यांत बसली. खानापूरकडच्या पावसात गाडी महिना महिना ताडपत्रीखाली असते, मग गणपतीला काढायची म्हटली की किक मारत बसा.

म्हणून मध्ये रिले घाला, म्हणजे किल्लीबरोबर आपोआप चालू-बंद होणारा स्विच. चार पायांचा १२ व्होल्टचा साधा रिले कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळतो. त्यावर आकडे छापलेले असतात. ३० ला बॅटरीचं पॉझिटिव्ह फ्यूजमधून आणा. ८७ वरून चार्जरला द्या. ८६ ला किल्ली फिरवल्यावर जिवंत होणारी वायर, उदाहरणार्थ टेल लॅम्पची. ८५ अर्थिंगला. चार्जरची निगेटिव्ह वायर मात्र सरळ बॅटरीच्या निगेटिव्हला न्या, गंजलेल्या बोल्टवर भरवसा नको. वायरींच्या रंगावर जाऊ नका, मॉडेलगणिक बदलतात. मल्टिमीटर लावा: किल्ली चालू, १२ च्या आसपास, किल्ली बंद, शून्य. तीच वायर आपली.

फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आत हवा, कारण तो प्लेअरसाठी नसतो, वायरसाठी असतो. प्लेअर फार तर ५ वॅट घेतो, म्हणजे १२ व्होल्टच्या बाजूला अर्ध्या अँपिअरच्या आसपास. २ अँपिअरचा फ्यूज भरपूर झाला. "असू दे की ओ, दहाचाच टाका" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. कन्व्हर्टर आतून अर्धवट शॉर्ट झाला तर पेट्रोलच्या टाकीखाली वायर तापत राहील आणि दहाचा फ्यूज नुसता बघत बसेल.

काम सुरू करताना आधी निगेटिव्ह सोडा, मग पॉझिटिव्ह. चौकट निगेटिव्हला जोडलेली असते. पॉझिटिव्हच्या बोल्टवरचा पाना चौकटीला टेकला तर ठिणगी उडते. जोडताना उलट क्रम. जोड शक्यतो क्रिंप करा, म्हणजे धातूची टोपी वायरवर पक्कडीनं दाबून बसवा. सोल्डरनं वायर एका जागी ताठ होते आणि थरथरीनं नेमकी तिथंच तुटते. वायर टाकीखालून पुढं नेताना सिलिंडरपासून लांब ठेवा, स्लीव्ह घाला, आणि झिप टाय आवळण्याआधी हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघा. ताण येत असेल तर ढील द्या.

प्लेअर धरायला ३ मिलिमीटरच्या अ‍ॅल्युमिनियम पट्टीचा ब्रॅकेट वाकवून घ्या, आत रबर. सॉकेटचं तोंड खाली, आणि वायर आधी खाली उतरून मग वर सॉकेटला जाईल अशी, म्हणजे पाणी वळणावरून ठिबकून जातं. पिनांना थोडं व्हॅसलिन. कणकुंबीच्या पावसात झाकणाच्या भरवशावर राहून चालत नाही.

चार्जिंग चालू असताना हेल्मेटमधल्या वायरच्या स्पीकरांत शिट्टी येऊ लागली आणि ती थ्रॉटलबरोबर चढत असेल, तर चार्जरची पिन काढून बघा. शिट्टी गेली तर आवाज त्या वाटेनं येतोय. जाता जाता प्लेअरच्या स्वतःच्या बॅटरीवर ऐका आणि चहाला थांबल्यावर चार्ज करा, नाहीतर ब्लूटूथवर जा.

हँडलवर मोठे स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर लावायच्या भानगडीत पडू नका. २०१७ पासूनच्या गाड्यांत इंजिन चालू की हेडलाइट चालू, हॅलोजनचे ५५ वॅट तिथंच गेले. शिवाय गावातून जाताना लोक वैतागतात ते वेगळं.

हेल्मेटमध्ये कानाच्या खाचेत बसणारे पातळ स्पीकर वेल्क्रोनं चिकटवा. खाच नसेल तर थर्मोकोल कोरू नका, डोकं वाचवणारा थर तोच आहे. वायर अशी जोडा की पडलात तर जॅक आपोआप निसटेल. कानात घुसणारे इअरफोन नकोत. निपाणी-संकेश्वरकडं उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर स्वतःच एवढ्या मोठ्यानं गाणी लावून चाललेला असतो की तुमचा हॉर्न त्याला ऐकू जाईल याची खात्री नाही. निदान त्याचा आवाज तरी तुम्हाला आला पाहिजे. गाडी उभी असताना शेजारच्याचं बोलणं कळेल एवढाच आवाज ठेवा. वेग वाढला की वाऱ्यात गाणं बुडतं, तेव्हा आवाज चढवायचा नाही, बुडू द्यायचं. घाटाच्या वळणांना बंदच.

पॉजचं बटण डाव्या अंगठ्याला न बघता सापडतं का, हे हातमोजा घालून घराच्या अंगणातच तपासा. पहिल्या मोठ्या फेरीनंतर सीट उघडा, रिले आणि फ्यूजच्या डबीला हात लावा. रिले थोडा कोमट लागणारच, फ्यूजची डबी किंवा जोड मात्र गरम लागत असेल तर कुठला तरी क्रिंप सैल असू शकतो.