पीएच मीटरचं रीडिंग स्थिर हवं असेल तर आधी इलेक्ट्रोड सांभाळा

रीडिंग सारखं हलतंय, एकाच सॅम्पलला दोघांची व्हॅल्यू वेगळी येतेय, असं झालं की आधी मशीनवर संशय जातो, मग बटणं दाबून बघणं, बंद करून परत चालू करणं वगैरे सुरू होतं. पण मीटर म्हणजे एक चांगला व्होल्टमीटर, बाकी काही नाही, तो सहसा बिघडत नाही. बिघडतो तो इलेक्ट्रोड, म्हणजे द्रावणात बुडवायची काचेची कांडी, आणि तोही बहुतेक वेळा नीट ठेवला नाही म्हणून. त्यामुळे इथे मीटरच्या बटणांबद्दल कमी आणि इलेक्ट्रोडबद्दल जास्त लिहितोय.

आधी थोडं तो काम कसं करतो ते, कारण हे कळलं की पुढचे निम्मे नियम पाठ करावे लागत नाहीत. टोकाला जो काचेचा बल्ब असतो त्याच्या पृष्ठभागावर पाणी शोषलेला एक अतिशय पातळ थर असतो, द्रावणातल्या हायड्रोजन आयनला हा थर प्रतिसाद देतो आणि त्यातून व्होल्टेज तयार होतं. २५ डिग्रीला एका पीएच युनिटमागे ५९.१६ मिलिव्होल्ट, आणि पीएच ७ ला साधारण शून्य. म्हणजे बल्ब वाळला की थर गेला, आणि थर गेला की रीडिंग गेलं. दुसरा भाग रेफरन्सचा, म्हणजे ज्याच्या तुलनेत हे व्होल्टेज मोजायचं त्या स्थिर बाजूचा, आत केसीएलच्या (पोटॅशियम क्लोराईडच्या) द्रावणात सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराईडची तार असते आणि बाजूला खाली एक छोटासा पांढरा ठिपका दिसतो, तो जंक्शन. त्यातून केसीएल अगदी हळूहळू बाहेर झिरपत असतं आणि तसं झिरपलंच पाहिजे. बल्बकडे सगळे बघतात, या ठिपक्याकडे कोणी बघत नाही, पण रीडिंग तरंगतंय अशी तक्रार असेल तर बऱ्याचदा दोष इथेच सापडतो.

काचेचा इलेक्ट्रोड १९०९ सालापासूनचा आहे, पण त्या काचेचा रेझिस्टन्स इतका प्रचंड की साध्या गॅल्व्हानोमीटरने मोजणं फार किचकट होतं. १९३४ मध्ये अर्नोल्ड बेकमन यांनी लिंबाच्या रसाची आम्लता मोजण्यासाठी व्हॅक्यूम ट्यूबचा अँप्लिफायर लावून मीटर बनवला तेव्हा कुठे हे काम सोपं झालं. हे सांगायचं कारण म्हणजे तो रेझिस्टन्स आजही तसाच आहे, साधारण शंभर मेगाओहमच्या घरात, म्हणून केबल जिथे मीटरला लागते तो कनेक्टर जरा जरी ओला झाला तरी सिग्नल गळतो आणि रीडिंग भरकटतं. ओल्या हाताने तो काढू नका लावू नका.

आता कॅलिब्रेशन, म्हणजे पीएच आधीच माहीत असलेल्या द्रावणांवर, बफरवर, मीटर जुळवून घेणं. टोपी काढली की आजूबाजूला पांढरे मिठाचे थर दिसतील, घाबरायचं नाही, ते केसीएलच आहे, डिस्टिल्ड वॉटरने धुवून टाका. रिफिल करता येणारा इलेक्ट्रोड असेल तर वरच्या भोकाचं रबर उघडा, हे विसरलात तर केसीएल झिरपत नाही आणि रीडिंग स्थिर व्हायला खूप वेळ लागतो. आतलं केसीएल भोकाच्या जरा खालीपर्यंत असावं, आणि निदान मोजायच्या द्रावणाच्या पातळीपेक्षा तरी वर असलंच पाहिजे, नाहीतर उलट सॅम्पलच आत शिरतं. बल्बच्या आत हवेचा बुडबुडा अडकला असेल तर तापमापकाचा पारा उतरवताना देतो तसा हलका झटका द्या, खाली येतो.

बफर नेहमी छोट्या बीकरमध्ये ओतून घ्या, बाटलीत इलेक्ट्रोड बुडवायचा नाही आणि वापरलेला बफर परत बाटलीत ओतायचा नाही, यात काटकसर अजिबात नको. आधी ७ चा, मग सॅम्पल आम्लाकडचं असेल तर ४ चा, अल्कलीकडचं असेल तर १० चा. सॅम्पलची व्हॅल्यू दोन बफरच्या मधे पडली पाहिजे, ४ आणि ७ वर कॅलिब्रेट करून ९ चं सॅम्पल मोजायचं हे चुकीचं आहे मग डिस्प्लेवर कितीही छान आकडा दिसो. १० चा बफर हवेतला कार्बन डायऑक्साईड शोषतो आणि त्याचा पीएच खाली सरकतो, म्हणून तो सगळ्यात शेवटी ओता आणि बाटली लगेच बंद करा. बाटलीवर तापमानाचा तक्ता छापलेला असतो तो खरंच वाचा, २५ डिग्रीला १०.०१ असणारा बफर २० ला १०.०६ च्या आसपास असतो.

एका बफरमधून दुसऱ्यात जाताना धुवायचं आणि मऊ टिश्यूने फक्त टिपून घ्यायचं. चोळायचं नाही. चोळल्याने काचेवर स्थिर वीज तयार होते, रीडिंग बराच वेळ हलत राहतं आणि तो नाजूक थरही खराब होतो. टिश्यू नुसता बल्बच्या खाली टेकवला तरी लोंबणारा थेंब शोषला जातो, तेवढं पुरे.

कॅलिब्रेशन झालं की मीटर स्लोप दाखवतो, म्हणजे एका पीएच युनिटमागे जेवढं व्होल्टेज मिळायला हवं त्याच्या किती टक्के मिळतंय ते, लोक तो बघतच नाहीत, मला विचाराल तर सगळ्या स्क्रीनवर तो आकडा सगळ्यात कामाचा. ९५ ते १०२ टक्के असेल तर निश्चिंत कामाला लागा, ९० च्या खाली गेला तर इलेक्ट्रोड साफ करा, तरी सुधारला नाही तर बदला. ७ च्या बफरमध्ये मिलिव्होल्ट पण बघून ठेवा, साधारण अधिक-उणे ३० च्या आत पाहिजेत. आणि तीनही बफरमध्ये ७ च दाखवत असेल तर शोध थांबवा, बल्बला तडा गेलाय नाहीतर कुठेतरी शॉर्ट आहे.

सॅम्पल मोजताना बल्ब आणि जंक्शन दोन्ही बुडाले पाहिजेत, मॅग्नेटिक बार बल्बला लागणार नाही इतकं अंतर ठेवा, आणि बफर ढवळला असेल तर सॅम्पलही तसंच ढवळा. मग थांबा. आकडा हलायचा थांबेपर्यंत लिहायचं नाही.

तापमानाबद्दल एक मोठा गैरसमज आहे, की ऑटोमॅटिक कॉम्पेन्सेशन चालू असलं म्हणजे सगळं २५ डिग्रीचं होऊन मिळतं. नाही, ते फक्त इलेक्ट्रोडचा स्लोप दुरुस्त करतं, सॅम्पलचा स्वतःचा पीएच तापमानाने बदलतो त्याला ते हात लावत नाही. उदाहरणार्थ ट्रिस हा लॅबमध्ये नेहमी वापरला जाणारा बफर घ्या, एका डिग्रीला जवळपास ०.०२८ ने सरकतो, म्हणजे २५ ला ८.० करून ठेवलेला ट्रिस कोल्ड रूममध्ये ४ डिग्रीला ८.६ च्या आसपास जातो. तेव्हा ज्या तापमानाला वापरणार त्याच तापमानाला ॲडजस्ट करा आणि नोंदीत पीएचशेजारी तापमान लिहा, नुसता पीएच लिहिणं अर्धवट आहे.

डिस्टिल्ड वॉटरचा पीएच ७ येत नाही म्हणून मीटरला नावं ठेवू नका, हवेतल्या कार्बन डायऑक्साईडमुळे तो ५.६ च्या आसपास येणारच, शिवाय त्यात आयनच इतके कमी की रीडिंग तरंगत राहतं. पीएच १२ च्या वर सोडियम जास्त असेल तर काच सोडियमलाही प्रतिसाद देते आणि व्हॅल्यू खऱ्यापेक्षा कमी दिसते. हायड्रोफ्लोरिक ॲसिड असलेल्या द्रावणात साधा काचेचा इलेक्ट्रोड बुडवायचाच नाही, काच खाल्ली जाते.

काम संपल्यावर धुवा, भोक बंद करा, टोपीत ३ मोलर केसीएल घाला आणि इलेक्ट्रोड त्यातच ठेवा. बनवायला सोपं आहे, २२.४ ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड पाण्यात विरघळवून १०० मिली करायचं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवू नका, कितीही ठिकाणी तसं ठेवलेलं दिसलं तरी नको, बल्ब आणि जंक्शनमधले आयन त्यात निघून जातात आणि प्रतिसाद मंदावतो. वाळलेला सापडला तर रात्रभर केसीएलमध्ये भिजवा, बरेचदा जिवंत होतो.

सफाई कशाने करायची ते घाण कसली यावर. साधा मंदपणा असेल तर ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये अर्धा तास, तेलकट असेल तर सौम्य डिटर्जंट, प्रोटीन बसलं असेल तर त्याच ॲसिडमध्ये पेप्सिन घालून, आणि जंक्शन सल्फाईडमुळे काळं पडलं असेल तर ॲसिड मिसळलेलं थायोयुरिया, हे मात्र ग्लोव्ह्ज घालून आणि फ्यूम हूडमध्येच. प्रत्येक सफाईनंतर भरपूर धुवा, रिफिल होणारा असेल तर आतलं केसीएलही बदला, निदान तासभर केसीएलमध्ये ठेवा आणि मगच कॅलिब्रेट करा.

एवढी निगा राखली तरी इलेक्ट्रोड कधीतरी संपतोच, रोजच्या वापरात साधारण एक-दोन वर्षं. केबलवर टेप लावून वापर सुरू केल्याची तारीख लिहा आणि शेजारच्या वहीत रोजचा स्लोप टिपत जा, ९९ चा ९७, ९७ चा ९४ असा उतरताना दिसला की नवीन मागवायला टाका.